आपत्कालासाठी घरात किती आणि कोणते अन्न साठवावे?

सातवा_मजला

नमस्कार. आम्ही वडगाव बुद्रुकमध्ये, सिंहगड रस्त्यापासून थोडे आत, एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर राहतो. घरात आम्ही दोघे, आठवीतला मुलगा आणि शहात्तर वर्षांच्या सासूबाई असे चार जण आहोत. २५ जुलै २०२४ रोजी एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले, तेव्हा आमच्या इमारतीत ते फक्त वाहनतळापर्यंत आले. पण विजेच्या मीटरची खोली तिथेच असल्यामुळे जवळजवळ दोन दिवस वीज बंद ठेवावी लागली. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून वरच्या टाकीत पाणी नाही, आणि लिफ्ट बंद असल्याने खालून पाणी आणायचे तर कळशी घेऊन सात जिने चढायचे, अशी आमची अवस्था झाली.

खरी गंमत स्वयंपाकघरात होती. सासूबाईंच्या आग्रहाने आम्ही दर उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरतो. त्या दिवशी पिंपात चाळीस किलो गहू होता आणि डब्यात दोन वेळा पुरेल एवढीच कणीक होती, कारण दळण त्याच दिवशी टाकायचे होते आणि गिरणीच पाण्यात होती. फ्रिजमधले दूध नासले, भिजवलेल्या मटकीला वास आला, आणि तिसऱ्या जेवणाला आम्ही पोह्यांवर आलो.

माझ्या नणंदबाई स्टॉकहोमला असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारने घरोघरी एक पुस्तिका पाठवली, ज्यात संकट आले तर प्रत्येक घराने निदान आठवडाभर स्वतःच्या बळावर राहण्याची तयारी ठेवावी असे सांगितले होते. त्यांनी ती दाखवल्यापासून माझ्या डोक्यात हा विषय घोळतो आहे. परंतु तिथे सांगितलेले डबाबंद मासे आणि कडधान्यांचे डबे आमच्या घरी कोणी खाणार नाही. यजमानांचे म्हणणे असे, की हल्ली दहा मिनिटांत सामान दारात येते, त्यामुळे घरात दुकान मांडण्याची गरज नाही; तर सासूबाईंच्या मते पिंप भरलेले असले की काळजी मिटली. त्या दोन दिवसांनी दोघांनाही खोटे पाडले आहे.

किती दिवसांची सोय ठेवावी, त्यात नेमके काय असावे, आणि पुण्याच्या पावसाळ्यात ते किडीपासून कसे राखावे, याविषयी जाणकारांनी अनुभव सांगावेत, ही विनंती. जागा फार नाही. स्वयंपाकघराचा माळा आणि पलंगाखालचे दोन खण एवढेच रिकामे आहे.

---

पेठेतला_किराणा

ताई, आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. वर्षाची साठवण आणि अडचणीच्या वेळची शिधासामग्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या दुकानात येणारी बहुतेक मंडळी त्यांची गल्लत करतात. वर्षाचे धान्य भरण्यामागे भाव आणि प्रत यांचा विचार असतो: मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू बाजारात येतो, तेव्हा तो स्वस्त आणि कोरडा मिळतो, वळवाच्या आधी त्याला ऊन देता येते, म्हणून लोक तो तेव्हा घेतात. त्या साठ्याला गिरणी, वीज, पाणी आणि गॅस हे सगळे चालू असल्याचे गृहीत धरलेले असते.

प्रत्येक संकट वेगळे असते, हेही लक्षात घ्यावे. एप्रिल २०२० मध्ये मध्यवर्ती पेठा सील झाल्या, तेव्हा नळाला पाणी होते, वीज होती, गॅस होता. अडचण होती ती फक्त बाहेर पडण्याची आणि माल मिळण्याची. ज्यांच्याकडे पिंप भरलेले होते, ते आरामात राहिले. आमच्या गल्लीत घरघंटी असलेल्या एका वहिनींनी महिनाभर शेजारच्या पाच घरांचे दळण दळून दिले. याउलट पुरात दुकान चार पावलांवर असते, पण शिजवायला पाणी नसते. म्हणून आधी ठरवावे की आपल्या घराला कोणता धोका जवळचा आहे. सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्याने पाणी आणि वीज जाण्याचीच तयारी आधी करावी, असे मला वाटते.

साठ्याचे मी तीन थर मानतो. पहिला, अजिबात न शिजवता खाता येईल असा: सातूचे पीठ, मेतकूट, पातळ पोहे, चुरमुरे, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, गूळ, खजूर, राजगिऱ्याच्या वड्या, खाकरे आणि दुधाची भुकटी. सातूचे पीठ हा आपल्याकडचा खरा आपत्कालीन पदार्थ आहे, कारण त्यातला गहू आणि डाळे आधीच भाजलेले असतात. गूळ आणि थोडे पाणी घातले की जेवण होते, आणि शहात्तर वर्षांच्या दातांनाही ते चालते. दुसरा थर एकाच भांड्यात, थोड्या इंधनात होणाऱ्या पदार्थांचा: तांदूळ, मुगाची डाळ, मसूर डाळ, दलिया, रवा, जाड पोहे. तूरडाळ मी मुद्दाम मागे ठेवतो, कारण ती शिजायला मुगापेक्षा जास्त वेळ आणि गॅस घेते, आणि जुनी झाली की तर शिजता शिजत नाही. तिसरा थर म्हणजे आपले पिंप. ते असू द्यावे, पण त्याच्या भरवशावर राहू नये. निदान पाच किलो कणीक दळलेली असावी, आणि ती अर्ध्यावर आली की दळण टाकावे. डबा रिकामा होईपर्यंत थांबण्याची सवय मात्र मोडायला हवी.

माझा धंदा माल विकण्याचा असूनही सांगतो: जे घरात एरवी खाल्ले जात नाही ते आपत्कालासाठी म्हणून विकत घेऊ नये. ते माळ्यावर पडून राहते, खवट होते आणि दोन वर्षांनी दिवाळीच्या आवराआवरीत बाहेर निघते.

---

आडाचे_पाणी

मी १२ जुलै १९६१ रोजी नारायण पेठेत होते. माझे वय तेव्हा नऊ. पानशेत धरण फुटले आणि पाठोपाठ खडकवासला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यावर बरेच लिहूनही झाले आहे, म्हणून मी फक्त धान्याविषयी सांगते.

आमच्या वाड्यात तळमजल्यावर अंधारी कोठीची खोली होती. तिथे वर्षाचा गहू, ज्वारी, तांदूळ आणि गुळाच्या ढेपा असत. आम्ही मुले आजीबरोबर उंचावरच्या नातेवाइकांकडे गेलो होतो, म्हणून वाचलो. परतलो तेव्हा कोठीच्या खोलीचे दार आतून फुगून घट्ट बसले होते. वडिलांनी आणि काकांनी ते पहारीने उघडले. गहू पाणी पिऊन दुपटीने फुगला होता, त्याने पत्र्याच्या पिंपाचा सांधा उकलला होता, आणि त्या सगळ्यावर नदीच्या गाळाचा पिवळसर थर होता. त्याचा आंबूस वास नंतर कित्येक आठवडे भिंतींतून जात नव्हता. आजीने त्यातला वरचा, बरा दिसणारा गहू धुऊन वाळवावा असे सुचवले, तर वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर आवाज चढवला आणि सगळे पुरून टाकले. आज मला वाटते, ते बरोबर होते. पुराचे पाणी लागलेले धान्य, पीठ, मसाले काही म्हणजे काही वापरू नये, मग ते कितीही धुवा. त्या पाण्यात गटारे असतात, मेलेली जनावरे असतात.

वाचले काय, तर माडीवर शिंक्यात आणि फडताळात ठेवलेले. लोणच्याच्या बरण्या, भाजणीचा डबा, पापड-कुरडयांचे डबे, आणि आईने मंगळागौरीसाठी आणून ठेवलेला रवा. म्हणून तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर राहणाऱ्यांनी धान्य उंचावर ठेवावे, एवढेच माझे सांगणे आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला, तेव्हाही ओढ्याकाठच्या खालच्या घरांतून धान्याच्या चिखलाची घमेली बाहेर काढताना मी पाहिली.

आणि पाणी. खडकवासला रिकामे झाल्यावर आमच्या नळाला थेंब नव्हता. शेजारच्या वाड्यातला आड उपसून साफ केला, पोटॅशियम परमँगनेट टाकले आणि ते पाणी उकळून आम्ही पीत होतो. आता पेठांतल्या कितीतरी आडांवर इमारती उभ्या आहेत. अन्नाविना आम्ही दीड दिवस काढला, त्याची मला आठवणसुद्धा नाही, तहानेची आहे.

---

धरणसाखळी

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. पाटबंधारे खात्यात नोकरी केल्यामुळे मला आकडे मांडण्याची खोड आहे, तेव्हा थोडे आकडे देतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,११० आणि स्त्रीला सुमारे १,६६० किलोकॅलरी लागतात. आपल्या नेहमीच्या खाण्याच्या भाषेत सांगायचे तर ३५० ग्रॅम धान्य, ७५ ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम शेंगदाणे, ३० ग्रॅम तेल आणि तेवढाच गूळ मिळून साधारण २,१०० किलोकॅलरी होतात. चार माणसांच्या सात दिवसांचा हिशेब केला तर सुमारे १० किलो तांदूळ-कणीक-पोहे, दोन किलोंपेक्षा थोडी जास्त डाळ, दीड किलो शेंगदाणे, एक लिटर तेल आणि एक किलो गूळ एवढेच निघते. हे सगळे पलंगाखालच्या एका खणात बसते. म्हणजे आठवड्याचे अन्न ठेवणे ही जागेची अडचण नव्हेच.

अडचण पाण्याची आहे. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज चार लिटर धरले तर चौघांना तीन दिवसांसाठी ४८ लिटर लागतात, आणि आठवड्यासाठी ११२. एवढे पाणी सातव्या मजल्यावरच्या घरात कायम भरून ठेवणे अवघड आहे, हे मान्य. पण वीस लिटरच्या दोन-तीन झाकणबंद कॅनना जागा काढावीच. ते उन्हात ठेवू नयेत आणि ठरावीक दिवसांनी उपसून पुन्हा भरावेत. आपल्याकडे दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवण्याचा वार बहुधा गुरुवार असतो, त्यामुळे बुधवारी भरून ठेवण्याची सवय पुणेकरांना आहेच. तीच वर्षभर पाळली की झाले.

एक गोष्ट सोसायट्यांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच इमारतींत पाण्याची मोठी टाकी वाहनतळाखाली जमिनीत असते. पुराचे पाणी वाहनतळात आले, म्हणजे ते त्या टाकीतही गेले असे समजावे, आणि वीज आल्याबरोबर हौसेने पंप सुरू करू नये. नाहीतर तेच पाणी वरच्या टाकीत चढते आणि घराघरांत पोचते. टाकी उपसून, धुऊन, क्लोरीन टाकून मगच वापरात घ्यावी. तोपर्यंत पिण्याचे पाणी खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळावे. आमच्या सोसायटीत ही चूक झाली, आणि पुढचा आठवडा निम्म्या इमारतीची पोटे बिघडलेली होती.

पाण्यावरून पदार्थही ठरतात. भात, खिचडी यांना लागलेले पाणी पोटात जाते, ते वाया जात नाही. पण कडधान्य भिजवून ते पाणी ओतणे, भाज्या चारदा धुणे, पिठाच्या पराती घासणे हे त्या दिवसांत परवडत नाही. कागदी ताटल्या आणि पत्रावळी साठ्यात ठेवाव्यात. मला स्वतःला हे कोणी सांगेपर्यंत सुचले नव्हते.

इंधनाचे थोडक्यात: १४.२ किलोची भरलेली टाकी चौघांना आठवडा सहज काढून देते, म्हणून दोन टाक्यांची जोडणी असलेल्यांनी रिकामी टाकी लगेच बदलून घ्यावी. नळाचा गॅस आल्यावर ज्यांनी टाक्या परत केल्या, त्यांनी न शिजवता खाण्याचे पदार्थ जरा जास्त ठेवावेत. आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही पेटवू नये. तो धूर दिसत नसला तरी त्यातला कार्बन मोनॉक्साइड माणसे झोपेतच मारतो.

---

चिंतामुक्त

सर्वांचा आदर राखून लिहितो. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव वाढला आणि देशभर नागरी संरक्षणाचे सराव झाले, तेव्हा आमच्या गृहसंकुलाच्या गटावर कोणीतरी ‘दोन महिन्यांचे सामान भरा’ असा संदेश टाकला. संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावरच्या दुकानात तेलाची पिशवी शिल्लक नव्हती. ज्यांचा पगार आठवड्याला होतो, त्यांना दुसऱ्या दिवशी काय मिळाले असेल? अशा चर्चांमधून साठेबाजीला खतपाणी मिळते, असे माझे मत आहे.

---

पेठेतला_किराणा

आपला मुद्दा खरा आहे, पण तो वेळेचा आहे. संकटाच्या दिवशी दहा जणांनी एकदम उचल केली की फळी रिकामी होते. तेच लोक वर्षभर महिन्याच्या यादीत अर्धा किलो मूगडाळ आणि एक पुडा पोहे जादा घेत गेले, तर आम्हाला कळतसुद्धा नाही, आणि संकटाच्या दिवशी ते रांगेत नसल्यामुळे हातावर पोट असलेल्याला माल मिळतो. दहा किलो धान्याला साठेबाजी म्हणता येणार नाही.

---

सोंडे_आणि_पोरकिडे

किडीचा प्रश्न राहिला आहे. कृषी महाविद्यालयात मी अनेक वर्षे कीटकशास्त्र शिकवले. त्यातला घरगुती उपयोगाचा भाग लिहिते.

तांदूळ-गव्हातला सोंडा बाहेरून उडत येतो असा समज आहे. पुष्कळदा तो दुकानातून दाण्याच्या आतच आलेला असतो: मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि भोक बुजवते, त्यामुळे निवडताना काही दिसत नाही, आणि जुलैची दमट हवा लागली की महिन्याभरात डबा हलायला लागतो. म्हणून आपत्कालीन साठ्यातला तांदूळ आणि रवा आणल्यावर दोन-दोन किलोंच्या घट्ट बांधलेल्या पिशव्यांतून डीप फ्रीझरमध्ये चार-पाच दिवस ठेवावा, मग बाहेर काढून, पिशवी न उघडता, पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा आणि त्यानंतरच कोरड्या डब्यात भरावा. पिशवी थंड असताना उघडली तर दाण्यांवर पाणी सुटते आणि बुरशीला आमंत्रण मिळते. रवा मंद आचेवर भाजून ठेवण्याची आपली पद्धतही उत्तम आहे.

पिंपातल्या गव्हाला ऊन देताना होणारी चूक हीच, फक्त उलटी. गच्चीवरून आणलेला गरम गहू तसाच पिंपात ओतला की रात्री झाकणाला आतून घाम येतो. तो चादरीवर पसरून पूर्ण निवू द्यावा. गहू वाळला की नाही, हे दाताखाली धरून पाहावे. कट् असा आवाज करून तुटला तर भरावा, चेपला तर आणखी एक ऊन द्यावे. एरंडेल लावायचे असेल तर तळहात माखेल इतकेच घ्यावे, नाहीतर पोळ्यांना वास येतो.

आता महत्त्वाचे, आणि हे मी जरा कठोरपणे लिहिते. काही जण ओळखीच्या दुकानातून गव्हात टाकायच्या करड्या गोळ्या आणतात. ते ॲल्युमिनियम फॉस्फाइड असते. हवेतल्या दमटपणाने त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो, तो बंद घरात पसरतो, आणि त्याने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावल्याच्या घटना आपल्या देशात पुनःपुन्हा घडल्या आहेत. त्यावर घरगुती उतारा नाही. या गोळ्या गोदामांसाठी, प्रशिक्षित माणसांच्या हातून वापरण्यासाठी आहेत; राहत्या घरात एकही असू नये. पाऱ्याच्या टिकड्याही मी कोणाला वापरू देत नाही. चार सोंडे निघाले तर चाळून टाकता येतात.

शेवटी, ज्या साठ्याकडे वर्षभर कोणी पाहत नाही, त्यात कीड होणारच. शेंगदाण्याचे कूट आणि सातूचे पीठ पावसाळ्यात लवकर खवट होते; ते थोडेच ठेवावे आणि दर दीड-दोन महिन्यांनी खाऊन बदलावे. तांदूळ, मीठ, साखर, गूळ यांना घाई नाही. गुळाला फक्त पाझर फुटू नये म्हणून घट्ट झाकण हवे.

---

सातवा_मजला

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण नुसते वाचून ठेवण्याऐवजी प्रत्यक्ष करून पाहावे असे आम्ही ठरवले.

धरणसाखळी यांच्या हिशेबाने पलंगाखालचा एक खण भरला. तीस लिटर पाणी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली आहे. ४८ ची मजल अजून गाठायची आहे. डब्यांवर कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिहिण्याचे काम मुलाकडे दिले आहे. त्याने ते इतके मनावर घेतले आहे, की परवा आजीच्या लोणच्याच्या बरणीवरही तारीख आली. सासूबाईंना मधुमेह आहे, हे मी आधी लिहायला विसरले होते. त्यामुळे त्यांच्यासाठी गूळ आणि खजुराऐवजी फुटाणे, शेंगदाणे, ज्वारीच्या लाह्या आणि बिनगुळाचे, ताकातले सातूचे पीठ असा वेगळा डबा केला. गोळ्यांची पंधरा दिवसांची पाकिटे त्यातच ठेवली आहेत. डाळीसाठी मी कुकर बाहेर काढणार होते, तेव्हा त्यांनीच सुचवले, की मूगडाळ आणि तांदूळ तासभर आधी भिजवून त्याच पाण्यात शिजवले तर शिट्ट्या कमी लागतात.

गेल्या गुरुवारी पाणी बंद होते. त्या दिवशी आम्ही संध्याकाळी सात वाजता घराचा मुख्य खटकाही बंद केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फक्त साठ्यावर राहिलो. यजमानांनी सुरुवातीला याला पोरखेळ म्हटले, पण चिरायचे काम त्यांनीच बॅटरीच्या उजेडात केले. खिचडी, भाजलेला पापड आणि मेतकूट असे जेवण झाले. मिक्सर नसल्यामुळे लसणीच्या चटणीसाठी सासूबाईंनी खलबत्ता मागितला. तो कुठे आहे हे घरात फक्त त्यांनाच ठाऊक होते. चौघांना रात्रीपासून सकाळच्या चहापर्यंत पिण्या-शिजवण्याला साडेनऊ लिटर पाणी लागले. भांडी मात्र तशीच पडून होती, कारण पत्रावळी आणायच्या राहून गेल्या होत्या.

अडले ते भलत्याच ठिकाणी. आमची शेगडी विजेच्या खटक्याने पेटते, तो खटका अर्थातच चालेना, आणि लायटर कधीचा बिघडलेला होता. खास संकटकाळासाठी म्हणून देवघराच्या खणात ठेवलेली काड्यापेटी पावसाळी हवेने पुरती सादळली होती. अकरा काड्यांचा गूल नुसता खरवडून गेला, बारावी पेटली. आता दोन नव्या काड्यापेट्या तांदळाच्या चिमूटभर दाण्यांसह काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवल्या आहेत. त्या बरणीवरही तारीख आहे.